अप्पांना विसर पडतो

माझे वडील काही विसरत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात मी चारचौघांत याच्या उलट बोलले आहे.

अप्पांचं वय एक्याऐंशी. करजगीला माझ्या भावाकडं राहतात, अजून रोज सकाळी रानाकडं एक चक्कर मारून येतात. कोणत्या साली कोणत्या विहिरीनं तळ दाखवला, कोणत्या म्हशीचं कितवं वेत, थोरल्या आत्याच्या लग्नात आचारी कुठल्या गावचा होता, सगळं तोंडपाठ. घरातले वाढदिवस मला मोबाइल सांगतो, पण त्याच्या आधी अप्पांचा फोन येऊन गेलेला असतो. मी गुलबर्ग्यात पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, रसायनशास्त्र शिकवते. मूलद्रव्यांचा अख्खा तक्ता मला पाठ आहे, आणि पाठांतर ही आमच्या घरची इस्टेट आहे असं मी वर्गात मिरवत असते. ती इस्टेट मुळात कुणाची, ते मात्र सांगत नाही.

गेल्या वर्षी मुलीचं जमत आलं होतं. मुलगा बेंगळुरूला कंपनीत. वडील नाहीत. आई गुलबर्ग्यातच असते, बँकेतून निवृत्त झालेली. मूळचे बीदरकडचे, आमच्यातलेच लिंगायत, घरात मराठी आणि कन्नड दोन्ही. मुलं फोनवर बोलून एकमेकांना पसंत करून मोकळी झाली होती. मोठ्यांनी एकदा समोरासमोर बसायचं तेवढं राहिलं होतं.

बसायचं कुठं, ते मुलानंच ठरवलं. "घरी बसलं की सगळे पोह्यांच्या बश्यांकडं बघत बसतात," तो माझ्या मुलीला म्हणाला होता. रिंग रोडला एक नवी जागा झाली होती, तिथं दुपारी भेटू, खेळता खेळता बोलणं होईल. ती जागा गोल्फची. बंद खोलीतलं गोल्फ, सोबत हॉटेल आणि बार. आमचे हे म्हणाले, "गोल्फ तर गोल्फ, जेवायला मिळणार ना?" त्यांचं सगळं असंच असतं. काळजी करायचं काम घरात माझ्याकडं आहे.

हे स्थळ मला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. कबूल करते. विहीणबाईंना मी एकदाच पाहिलं होतं. आखूड कापलेले केस, स्वतः गाडी चालवतात, बोलताना निम्मं इंग्रजी. यांच्यापुढं आपण गावंढळ दिसता कामा नये, हा किडा माझ्या डोक्यात शिरला तो शिरलाच. त्यात अप्पा येणार. आमच्या घरात अप्पांशिवाय सोयरीक ठरत नाही. ते सकाळच्या बसनं आले. धोतर, पांढरा सदरा, टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. मी त्यांच्यासाठी ह्यांची एक पँट इस्त्री करून ठेवली होती. त्यांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली, "शिलाई चांगली हाय," म्हणाले आणि घडी करून परत ठेवली.

गाडीत मी सांगितलं, "अप्पा, तिथं जरा बेतानं."

"बेतानं म्हंजे?"

"म्हणजे जास्त बोलू नका."

"बरं," ते म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले. त्यांना राग येत नाही. घरातला सगळा राग माझ्या वाट्याला आला आहे.

काचेचं दार ढकललं आणि थंडगार हवा अंगावर आली. उजव्या हाताला बार, डाव्या हाताला तीन मोठ्या खोल्या, प्रत्येकीची एक भिंत म्हणजे अख्खा पडदा. पडद्यावर कुठल्या तरी परदेशातलं मैदान, पलीकडं समुद्र. पडद्यासमोर हिरव्या प्लास्टिकच्या गवताची चटई, तिच्यावर रबराच्या खुंटीवर ठेवलेला पांढरा चेंडू. काठीनं चेंडू मारायचा. तो पडद्यावर धप्पकन आपटतो आणि तिथंच खाली पडतो. पडद्यावरचा चेंडू मात्र उडत उडत समुद्राच्या दिशेनं जातो, आणि किती यार्ड गेला त्याचा आकडा कोपऱ्यात येतो. मागं सोफे आणि जेवायचं टेबल. ज्याची पाळी नाही त्यानं बसून खावं.

अप्पांनी बारकडं एकदा बघितलं. रांगेनं बाटल्या, मागून निळा उजेड. "करजगीच्या औषध दुकानात बी एवढी औषधं न्हाईत," ते म्हणाले. विहीणबाई खळखळून हसल्या. मी हसले नाही. मला वाटलं, हा म्हातारा खरंच फवारणीच्या औषधाचं दुकान समजला, असं त्यांना वाटलं असणार. अप्पांनी बार ओळखला होता हे मला कळत होतं, अफजलपूरच्या रस्त्यावर धाबे काय कमी आहेत? पण लाज एकदा अंगात शिरली की माणसाला विनोद कळत नाही. मी घाईनं विहीणबाईंना म्हणाले, "बार असला तरी आम्हाला काही प्रॉब्लेम नाही हं, आम्ही तसे मोकळे आहोत." त्यांनी काही विचारलंच नव्हतं. त्यांनी स्वतःसाठी ताक मागवलं. मी मोकळेपणा सिद्ध करायला उंच दांड्याच्या ग्लासातलं निळं सरबत मागवलं. त्यात खोकल्याच्या औषधाची चव होती आणि मी ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

आधी मुलगा खेळला. बेंगळुरूला कंपनीतल्या लोकांबरोबर शिकला म्हणे. काठी मागं नेली, कमरेतून वळला, आणि आकडा आला एकशे बहात्तर. माझ्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. तिला त्यानं हात धरून शिकवलं आणि आम्ही मोठ्यांनी मुद्दाम मेन्यूकार्डात डोकं घातलं. आमच्या ह्यांनी पहिल्याच फटक्यात चटईचा कोपरा उचकटला. मग मी उठले. पदर खोचला, काठी घट्ट धरली आणि पुस्तकी हिशेबानं कोन वगैरे साधून मारली. अठ्ठावीस यार्ड. "कॉलेजात बॅडमिंटन खेळायचे मी, त्यामुळं मनगटाची सवय वेगळी," मी सांगून टाकलं. कॉलेजात मी बॅडमिंटनचं कोर्ट लांबून बघितलं आहे.

"अज्जा, तुम्ही या," मुलगा म्हणाला.

मी म्हणाले, "नको, त्यांना कशाला?" पण अप्पा उठले होते. चटईशी आले आणि त्यांनी चपला काढल्या. काढून नीट बाजूला ठेवल्या, खळ्यात शिरायच्या आधी काढतात तशा. आमच्याकडं खळ्यावर पायताण घालून कुणी चढत नाही, लहानपणी मी एकदा चढले म्हणून त्यांच्याकडून एकुलती एक चापट खाल्ली आहे.

"अप्पा, चप्पल घाला," मी दात आवळून बोलले. "प्लास्टिक आहे ते."

"व्हय की, दिसायलंय मला," ते म्हणाले. "खोटं असलं तरी हिरवं हाय."

मुलानं त्यांच्याकडं बघितलं, मग वाकून स्वतःचे बूट काढले आणि मोज्यांवर चटईवर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, हा टिंगल करायला लागला. आज मला माहीत आहे की पोरानं ते मनापासून केलं होतं. त्या दिवशी मात्र मला समोरच्या प्रत्येकाच्या मनात तेच दिसत होतं जे माझ्या मनात होतं.

अप्पांची पहिली काठी हवेतून गेली. दुसरी बसली. पडद्यावरचा चेंडू उडाला, मैदानातल्या तळ्यात पडला, आणि पाणी उडाल्याचा आवाजसुद्धा त्या यंत्रानं काढला. "विहिरीत गेला बघा," अप्पा म्हणाले आणि टोपी सावरत हसायला लागले. सगळे हसले, शेजारच्या खोलीतला एक माणूसही डोकावून हसला. अप्पा अनवाणीच पडद्यापर्यंत चालत गेले, खाली पडलेला चेंडू उचलला, सदऱ्याला पुसला आणि मुलाच्या हातात दिला. "हा घे बाळा तुझा. कुठं गेला न्हवता, हितंच हाय."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते. मग जेवण आलं.

आमच्यात जुन्या माणसांची एक रीत आहे. ताटातलं अन्न म्हणजे प्रसाद. त्यातला कण टाकायचा नाही. जेवण झालं की ताटात थोडं पाणी ओतायचं, बोटांनी ताट कडेपर्यंत धुवून काढायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. मग ताट कोरडं, लख्ख. अप्पांनी हे आयुष्यभर दोन्ही वेळा केलं आहे. माझ्या आजोबांनीही केलं. मी लहानपणी करायची, हॉस्टेलवर गेले आणि पहिल्याच आठवड्यात सोडलं. घरी अप्पांचं ते करणं आम्हाला इतकं सवयीचं होतं की गाडीत सूचना देताना मला त्याची आठवणही झाली नाही. आठवण झाली ती पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या ताटात त्यांनी भात-वरण संपवलं आणि ग्लासाकडं हात नेला तेव्हा.

मी डोळ्यांनी खुणावलं. ते ताटाकडं बघत होते. त्यांनी पाणी ओतलं. पिवळसर पाण्यात चार बोटं घातली आणि सावकाश ताटाच्या कडेनं फिरवायला लागले. विहीणबाई समोरच बसल्या होत्या. त्यांच्या हातातला घास हातात राहिला, आणि त्या अप्पांच्या बोटांकडं बघत राहिल्या. मला वाटलं, झालं. आता हे ताट उचलून तोंडाला लावणार, या बाईसमोर, या काचेच्या टेबलावर.

वेटर माझ्या खांद्याशी उभा होता. "घेऊन जा," मी म्हणाले.

त्यानं अप्पांच्या ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी पुन्हा हातानं खूण केली. त्यानं ताट उचललं. अप्पांची बोटं ताटातच होती. ताट त्यांच्या बोटांखालून निघून गेलं, थोडं पाणी टेबलावर सांडलं, आणि त्यांचा ओला हात तसाच हवेत राहिला. त्यांनी वर बघितलं. रागानं नाही. शाळेत पेपर मध्येच काढून घेतला तर पोर बघतं तसं.

काहीतरी बोलणं भाग होतं, आणि मी बोलले. इंग्रजीत बोलले, अप्पांना कळू नये म्हणून. विहीणबाईंकडं झुकून म्हणाले की वडिलांचं वय झालंय, हल्ली त्यांना विसर पडतो, पाणी कशात ओतायचं तेही त्यांच्या लक्षात राहत नाही. बोलता बोलता माझं बोट माझ्या कपाळाकडं गेलं आणि तिथं दोनदा टेकलं.

अप्पांना इंग्रजी येत नाही. बोट येतं.

वेटरनं गरम पाण्याची वाटी आणली, तिच्यात लिंबाची फोड. अप्पांनी त्या वाटीकडं बघितलंही नाही, धोतराच्या सोग्याला हात पुसला. आमच्या ह्यांनी पावसाचा विषय काढला. मग अप्पा विहीणबाईंकडं वळून म्हणाले, "पोरगा काय करतो म्हणलात?"

मुलगा काय करतो हे अप्पांना महिनाभरापासून माहीत होतं. कंपनीचं नाव, मुलाचा हुद्दा, त्याची खोली ऑफिसपासून किती लांब, सगळं त्यांनी फोनवर नातीकडून काढून घेतलं होतं. विहीणबाईंनी शांतपणे पुन्हा सांगितलं. "अस्सं," अप्पा म्हणाले. आइस्क्रीम आलं. ते संपत आलं तेव्हा अप्पांनी पुन्हा विचारलं, "अन् पोरगा काय करतो म्हणलात?"

खरंच काही झालं का यांना? माझ्या तोंडून निघालं आणि तेच लागलं की काय? आणि खरं सांगते, त्या धसक्याच्या पाठोपाठ मला हायसंही वाटलं. माझं बोलणं खरं ठरलं होतं. बाप भ्रमिष्ट होण्यात कुणाला हायसं वाटतं का? मला वाटलं. दोन-तीन श्वास असतील, पण वाटलं.

तिसऱ्यांदा त्यांनी दारातून बाहेर पडताना विचारलं. मुलानं त्यांचा हात धरला आणि पायऱ्या उतरवत सगळं पहिल्यापासून सांगितलं.

ह्यांना आणि मुलीला घरी सोडून मी अप्पांना बस स्टँडवर न्यायला निघाले. गाडीत दोघंच होतो. सिग्नलला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. एकशे बहात्तर गेला त्याचा. तुझा अठ्ठावीस, माझा विहिरीत." आणि हसले.

मी त्यांच्याकडं बघितलं. "अप्पा, मग तुम्ही तीनदा का विचारलंत?"

"तूच कपाळाला बोट लावून म्हणलीस न्हवं, विसरतंय म्हातारं म्हणून," ते म्हणाले. "पावण्यांसमोर लेकीला खोटं कसं पाडू?"

मागच्या रिक्षानं हॉर्न वाजवला. सिग्नल सुटला होता आणि मला गिअर सापडत नव्हता.

"तसं न्हाई अप्पा, मी आपलं..."

"पैशाचं तेवढं सोंग आणता येत न्हाई," ते म्हणाले. "बाकी सगळी येतात. सावकाश चालव."

स्टँडवर बस लागलेली होती. पिशवी घेऊन चढताना पायरीवर थांबले आणि म्हणाले, "त्या वाढप्या पोराच्या हातून पाणी सांडलं बघ टेबलावर. शितं होती त्यात." एवढंच. बस गेली. मी गाडीत बसून रडले वगैरे नाही. माझा स्वभाव तसा नाही. मला स्वतःचा राग आला आणि तो मी घरी येऊन ह्यांच्यावर काढला.

सोयरीक जुळली. आणि माझं एक वाक्य सोयरिकीबरोबर घरात नांदायला आलं. साखरपुड्याला विहीणबाईंच्या माणसांनी अप्पांना पंख्याखाली वेगळी खुर्ची दिली. जो तो त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं बोलायचा, जणू विसर कानातून पडतो. अप्पा सगळ्यांना "तुम्ही कुठले?" विचारायचे आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारायचे. मधेच कुणाचं लक्ष नसताना माझ्याकडं बघायचे, बरं चाललंय ना, अशा नजरेनं. मुलगी तर अज्जांसाठी बदाम भिजवून डबा भरून पाठवायला लागली, स्मरणशक्तीला चांगले म्हणून. अप्पांच्या तोंडात धड चावायला सहा दात नाहीत. भावानं फोनवर सांगितलं, रोज एकेक बदाम अडकित्त्यानं कातरून खातात, नातीनं दिलेत म्हणून टाकत नाहीत.

खरं सांगून टाकायचं मी दोनदा ठरवलं. एकदा मुलीला हाक मारली आणि तिला गॅस बंद करायला सांगितलं. एकदा विहीणबाईंना फोन लावला आणि हॉलच्या बुकिंगचं विचारून ठेवला. वर्गात चाळीस पोरांपुढं चुकीचं सूत्र लिहिलं गेलं तर मी लगेच पुसते आणि म्हणते, बाईसुद्धा चुकतात. हे सूत्र मात्र पुसायला हातच उचलत नव्हता. पुसायचं तर मी ते का लिहिलं तेही सांगावं लागलं असतं.

लग्नाच्या महिनाभर आधी एका रविवारी विहीणबाई आणि मुलगा आमच्याकडं जेवायला आले. अप्पाही आले होते. मी मुद्दाम त्यांना स्टीलचं ताट वाढलं, त्यांचं नेहमीचं. शेंगाचटणी, वांगं, भाकरी, शेवटी आमटी-भात. जेवण संपत आलं तसा मी पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी सरकवला. माझी हीच कल्पना होती माफी मागायची. ते ओततील, धुतील, पितील, मी मध्ये पडणार नाही, आणि झालं. तांब्या सरकवून भागणार होतं ते.

अप्पांनी तांब्याकडं बघितलं, मग विहीणबाईंकडं बघितलं. तांब्या हळूच बाजूला केला. "झालं का माझं जेवण?" त्यांनी मला विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"झालं अप्पा," मी म्हणाले.

ते उठले आणि हात धुवायला गेले. ताटात दोन-तीन शितं होती आणि आमटीचा एक ओघळ. जन्मात मी अप्पांचं ताट असं बघितलं नव्हतं.

मी ते उचलून स्वयंपाकघरात नेलं. बेसिनपाशी उभी राहिले. नळ सोडायचा आणि वाहून जाऊ द्यायचं, रोज सगळ्यांच्या ताटांचं करते तसं. हात गेला नाही. मी माठातलं पाणी घेतलं, ताटात ओतलं आणि बोटं फिरवायला लागले. चाळीस वर्षांनी फिरवत होते. तेवढ्यात मागं पावलं वाजली. विहीणबाई हातात ग्लास घेऊन दारात उभ्या होत्या.

"अहो, ठेवा तुम्ही, मी हे... भांडी..." मी काहीतरी बोलले.

त्यांनी ग्लास ओट्यावर ठेवले. माझ्या हातातल्या ताटाकडं बघितलं. "आमचे सासरे असंच प्यायचे," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत. ते गेले अन् घरातून ते गेलंच. त्या दिवशी गोल्फमध्ये अप्पांनी पाणी ओतलं तेव्हा मला सासऱ्यांचा हातच दिसला बघा. मी बघायलेच होते, अन् तेवढ्यात त्यानं ताट नेलं."

मी एवढंच म्हणाले, "मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही म्हणलात, विसर पडतो," त्या म्हणाल्या. "मग मी काय बोलणार?"

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं, भांडायला मी कधीही तयार असते. म्हणजे अप्पा काही विसरत नाहीत हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कानाशी मोठ्यानं बोलणाऱ्यांत त्या कधी नव्हत्या, हे मला आत्ता आठवलं. त्या फक्त प्रत्येक वेळी उत्तर देत आल्या होत्या. ज्या बाईपासून मी बापाची रीत लपवली, तिच्या घरात तीच रीत होती, आणि तिला ती बघून बरं वाटलं होतं.

"प्या," त्या म्हणाल्या. "मी बघत न्हाई." आणि त्यांनी फ्रिज उघडून आत तोंड घातलं, जणू काही शोधायला लागल्या.

मी प्यायले. आमटीचं पाणी, गार, थोडं खारट. एक शीत दाताखाली आलं. खरं तर मी ते ताट घेऊन बाहेर जायला हवं होतं. अप्पांसमोर, जावयासमोर, मुलीसमोर उभं राहून प्यायला हवं होतं आणि सांगायला हवं होतं की हे असं करत होते अप्पा त्या दिवशी, आणि मी ते उचलायला लावलं. हे सगळं मला ताट तोंडाला लावलेलं असतानाच कळत होतं. आणि तरी मी स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दाराआड, चोरून प्यायले.

बाहेरून अप्पांचा आवाज आला. "बाळा, तू काय करतो म्हणलास?"

मुलगा उत्तर देईपर्यंत विहीणबाईंनी फ्रिजमधूनच आवाज दिला. "बेंगळुरूला कंपनीत हाय अप्पा!"

"अस्सं, अस्सं," अप्पा म्हणाले. "चांगलं हाय."

विहीणबाईंनी फ्रिज बंद केला, दह्याचं भांडं घेतलं आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेल्या. मी लख्ख ताट हातात धरून तिथंच उभी राहिले.